मंगळवारच्या खुर्च्या

१४ जानेवारी २०१४, मंगळवार

कानामागचं बटण आज पहिल्यांदा उघडलं.

बटणच म्हणते मी त्याला. डॉक्टर हॉब्लेंनी लांबलचक नाव सांगितलं होतं, विसरले. धातूची चकती, शर्टाच्या बटणाएवढी, नोव्हेंबरात कवटीच्या हाडात बसवली. तिच्यातून केसासारख्या बारीक नळ्या थेट मेंदूच्या तळाशी गेल्यात. आज त्यांतून औषध सोडलं. नाहीतर पाणी सोडलं! निम्म्या लोकांना पेशी जगवणारं प्रथिन, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय ते आम्हाला ठाऊक नाही, नर्सला नाही, खुद्द हॉब्लेंनाही नाही. चाचणी संपेपर्यंत असंच. औषध खरं ठरलं तर पाणीवाल्यांनाही मग ते द्यायचं, असा शब्द कंपनीनं दिलाय.

खोलीत चार खुर्च्या. चारही कंपवाताचे. सकाळच्या गोळ्या न घेता यायचं असतं, म्हणजे खरी अवस्था तपासता येते. त्यामुळे चौघंही ओंडक्यासारखे पडलेले. नर्स लोवरीनं सगळ्यांना बजावलं — आपसात आजाराबद्दल बोलायचं नाही. कुणाला बरं वाटतंय, कुणाला नाही, एक अक्षर नाही. तशी सही केली आहे आपण.

बोलायचं नाही! शिलाईच्या कारखान्यात इतकी वर्षं युनियन चालवली. मालकानं पहिला नियम हाच काढला होता, यंत्रावर बसल्यावर बोलायचं नाही. माणसांना एकमेकांशी बोलू नका असं कुणी सांगितलं, की त्यात फायदा कुणाचा ते मला लगेच कळतं.

पण गप्प बसले. भांडायला आवाज कुठाय.

परतताना पुलावर वारा. नवऱ्यानं, इडवलनं, गाडी चालवता चालवता विचारलं, काय म्हणालीस? परत सांगितलं. परत विचारलं, काय? म्हटलं, काही नाही.

१७ जानेवारी

थकवा. अक्षर मुंगीएवढं होत चाललंय. मलाच वाचता येत नाही.

२ फेब्रुवारी

आज ग्लेनिसला जाऊन वर्ष झालं.

तिच्या अंत्यविधीला मी बोलले होते. खाणींच्या संपाच्या वर्षी आम्ही दोघींनी मिळून संपकऱ्यांसाठी सूपचं स्वयंपाकघर चालवलं, खोऱ्यातली एक चूल विझू दिली नाही. तिच्याबद्दल मी नाही तर कोण बोलणार? उभी राहिले. पहिल्याच वाक्याला मागून कुणीतरी म्हणालं, ऐकू येत नाही. माइक वाढवला. तरी नाही. शेवटी चॅपलचा पाद्री माझ्याशेजारी येऊन उभा राहिला आणि मी पुटपुटेन ते वाक्य मोठ्यानं म्हणू लागला. माझी वाक्यं — पाद्र्याच्या तोंडून! ग्लेनिस शवपेटीतून उठून बसली असती हसायला.

घरी आल्यावर इडवलला म्हटलं, डोक्याला भोक पाडायला सांगत असतील तर पाडू दे. हातपाय थरथरतात ते चालेल. आवाज गेला तर मी उरत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दुसरा डोस. शेजारच्या खुर्चीत एमलिन प्रोबर्ट आहे. डोंगराकडचा मेंढपाळ, वर चॅपलमध्ये मानाच्या बाकावर बसणारा. माणूस थंड, जीभ तिखट. मी कोण हे त्याला माहीत होतं. म्हणाला, सेक्रेटरीबाई, तुमचं भाषण मी एकदा बाजाराच्या चौकात ऐकलंय. त्या दिवशी माझ्या मेंढ्या बुजल्या होत्या.

मी म्हटलं, मेंढ्यांना लवकर कळतं.

त्याचं दुखणं शिटीचं आहे. हा माणूस शिटीवर कुत्री चालवायचा. दोन बोटं तोंडात नाही, काही नाही, नुसत्या ओठांनी. डोंगराच्या पलीकडच्या उतारावर असलेली कुत्री त्या शिटीवर डावी-उजवी वळायची. आता ओठ आवळत नाहीत. फक्त वारा येतो. म्हणाला, “कुत्री आता माझ्याकडं अशी बघतात, जसं प्रवचनात झोप लागलेल्या पाद्र्याकडं लोक बघतात.”

त्याला मुलगा नाही. कुत्री चालवता आली नाहीत तर मेंढ्या विकायच्या, मेंढ्या विकल्या की डोंगर सोडायचा. हे त्यानं हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगितलं.

लोवरीनं काचेतून बोट उगारलं. आम्ही गप्प झालो. शाळेतल्यासारखे.

२३ फेब्रुवारी

हॉब्लेंकडून मागून आणलेलं पुस्तक वाचतेय. शब्दकोश मांडीवर. सगळं कळत नाही, पण कळतं तेवढ्यानं झोप उडाली.

आईच्या पोटात बाळाच्या मेंदूत गरजेपेक्षा कितीतरी जास्त पेशी तयार होतात. प्रत्येक पेशी आपला धागा लांबवत लांबवत कुठंतरी पोचते. जिथं पोचते तिथून तिला हे प्रथिन मिळतं. मिळालं तर जगते. नाही मिळालं तर मुकाट मरते. तिला कुणी मारत नाही. नुसतं कुणी काही धाडत नाही.

आधी भरमसाट भरती, मग कपात! निसर्गाचा हा कारभार आमच्या मालकाला शोभला असता.

आणि मोठेपणीही सुटका नाही. ती आवक जन्मभर चालू राहावी लागते. आमच्या डोक्यात ती कुठंतरी आटली, म्हणून त्या पेशी जातायत. हॉब्लेंचं म्हणणं, वरून पुरवठा केला तर उरलेल्या तगतील, कदाचित नवे धागेही फुटतील.

रागानं पुस्तक मिटलं. पण एक गोष्ट मनातून हलत नाही. पेशी स्वतःच्या जोरावर जगत नाही. जिथं पोचली तिथून काही परत आलं, तर जगते.

११ मार्च, मंगळवार

बोलले!

डोस झाला की तासभर तिथंच थांबावं लागतं. कॉरिडॉरच्या टोकाला चहाची खोली आहे. तिथं चौघं चार भिंतींकडं बघत बसलो होतो. एमलिन, मी, पियानो शिकवणाऱ्या मिसेस प्यू आणि स्टर्जेस नावाचा एक इंग्रज, हिशेबनीस, ज्यानं तोवर कुणाला नावसुद्धा सांगितलं नव्हतं. मिसेस प्यूंचा कप बशीवर कडकड वाजत होता. त्यांना त्याची इतकी लाज वाटली की त्यांनी तो खाली ठेवून दिला. चहा तसाच गार.

मला सहन झालं नाही. उभी राहिले. खुर्चीच्या पाठीला धरून. आवाज कुजबुजीएवढाच, पण खोली लहान होती आणि ते तिघं वाकून ऐकत होते. किती दिवसांनी कुणी वाकून ऐकलं!

पेशींचं सांगितलं. म्हटलं, आपल्या पेशी आळशी नाहीत, म्हाताऱ्या नाहीत आणि एमलिन, पापी तर नाहीतच. त्या उपाशी आहेत. संपाच्या वर्षी सरकारनं आम्हाला उपाशी ठेवून घरी पाठवायचं ठरवलं होतं. आम्ही घरोघर शिधा पोचवला. बटाटे, कांदे, पावाच्या लाद्या. माणसं तगली. तसा शिधा आता आत येतोय. नळीतून येतोय. आपलं काम एवढंच, की दार उघडं ठेवायचं आणि एकमेकांना हाक मारत राहायची.

मिसेस प्यू रडल्या. स्टर्जेस म्हणाला, पण आपल्यातल्या निम्म्यांना पाणी आहे. एमलिन म्हणाला, बाप्तिस्म्यालाही पाणीच असतं.

लोवरी दारात उभी होती. तिची आई माझ्याच लाइनीवर पँटचे खिसे शिवायची, त्यामुळे ती मला मावशी म्हणते. बाहेर घेऊन गेली. मावशी, हे चालणार नाही. हे बोलणं चाचणीला बाधतं. कसं बाधतं ते धड सांगता आलं नाही तिला. मी म्हटलं, तुझ्या आईला मी पहिल्यांदा बोलायला सांगितलं तेव्हा सुपरवायझरही हेच म्हणाला होता.

ती आत निघून गेली. मला वाटलं, जिंकले.

१२ मार्च

दिवसभर झोपून. एका भाषणाची किंमत. पण चांगली झोप.

८ एप्रिल, मंगळवार

आज मी चहाची वाट पाहिली नाही. तपासणीच्या आधीच सगळ्यांना गोळा केलं. गोळ्यांशिवाय आलेली माणसं, भिंतीला धरून चालणारी. त्यांना चालून दाखवायचं असतं, बोटं आपटून दाखवायची असतात. मेल्यासारखी जातात आत. म्हटलं, अशी जाऊ नका. मिरवणुकीत जाता तशी जा.

एमलिन परत आला तो म्हणाला, “सेक्रेटरीबाई, पुढच्या वेळीही आधीच सुरू करा. तुमच्याशिवाय पाय सुटत नाहीत.”

६ मे, मंगळवार

सकाळी ब्लाउजची बटणं माझी मी लावली. इडवल दारात मोजे हातात घेऊन उभा होता, मला कपडे चढवायला आलेला. म्हणाला, मग मी काय करू? म्हटलं, पोस्टात परत जा.

आणि एमलिन! कॉरिडॉरमध्ये शिटी घातली. एक, लांब, वर चढत गेलेली. शेजारच्या वॉर्डातली नर्स धावत आली, कुत्रं आत आलंय का विचारायला. स्टर्जेसनं तिला सांगितलं, हो, पण त्याला आरामखुर्ची दिली आहे. स्टर्जेसनं! मिसेस प्यू इतक्या हसल्या की त्यांची नळी परत लावावी लागली.

माझा आवाजही पोटातून येतोय. ओळखते ना मी त्याला. संसारातलं हरवलेलं भांडं अडगळीत सापडावं तसं वाटतं.

१३ मे, मंगळवार

आज माझा डोस नव्हता. तरी गेले. महिन्यातून एकदा आमची पाळी, पण बाकीच्या मंगळवारी दुसरी चौकडी असते. त्यांनी काय घोडं मारलंय? खालच्या कॅन्टीनमध्ये बसले, चाचणीच्या हद्दीबाहेर. एकेकाला बोलावून घेतलं. मनुकांचा पाव घरून नेला होता.

इडवल म्हणाला, आता दर मंगळवारी पूल ओलांडायचा? हो. तू मला कधी गप्प बसवलं नाहीस, आता बसवणार का? म्हणाला, “गप्प बसणारी हवी असती तर शेजारच्या गल्लीत होती की एक.”

१ जुलै, मंगळवार

दर मंगळवारी तेच. आधी माझं बोलणं, मग तपासणी. लोवरी आता अडवत नाही. म्हणाली, मावशी, सोमवारी-गुरुवारी डोसला येतात ते लोक बघवत नाहीत. तुमचे लोक निदान हसतात.

दमलेय. पण हा कामानं आलेला थकवा आहे. दुखण्याचा वेगळा असतो.

२३ सप्टेंबर, मंगळवार

शेवटचा डोस. बटण डोक्यातच राहणार, पुढच्यासाठी.

एमलिननं मेंढ्या विकल्या नाहीत. हिवाळा काढतो म्हणाला. खरं औषध मिळेपर्यंत काढतो. त्याला वाटतंय की त्याला पाणीच होतं. “पाण्यावर मी शिटी घालतो, तर औषधावर काय करीन? चॅपलचा ऑर्गन वाजवीन.” मी म्हटलं, वेड्या, तुला औषधच होतं. त्याशिवाय का.

४ नोव्हेंबर

काही नाही. पाऊस. वाट बघणं.

१० फेब्रुवारी २०१५

हॉब्लेंनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. चेहरा पाहूनच कळलं. ते कागदातून वाचत होते आणि वाचताना आमच्याकडं बघत नव्हते.

ज्यांना औषध होतं ते सुधारले. ज्यांना पाणी होतं तेही सुधारले. फरक पुरेसा नाही. औषधवाल्यांच्या मेंदूच्या चित्रांत नवे धागे फुटलेले दिसतात, ठळक दिसतात. पण चालण्यात, बोटं आपटण्यात दोन्ही गट जवळजवळ सारखे. कंपनी औषध बनवणं थांबवणार. पाणीवाल्यांना दिलेला शब्द मोडला, कारण औषध सिद्ध झालं तर, अशी अट त्यात होती.

कुणी ओरडलं नाही. एमलिन एवढंच म्हणाला, म्हणजे हिवाळा फुकट काढला.

मी उठले. आवाज ठणठणीत होता. म्हटलं, चित्रात धागे दिसतात आणि तुम्ही दुकान बंद करता? हे औषध यांच्या बापाचं नाही. ते आमच्या डोक्यातून गेलंय. आम्ही भोकं पाडून दिलीत. सगळे उभे राहिले. स्टर्जेससुद्धा.

तिथंच शपथ घेतली — शेवटच्या पाणीवाल्याला औषध मिळेपर्यंत मला औषध होतं की पाणी ते मी विचारणार नाही. बाकीच्यांनी विचारा, तुमचा हक्क आहे.

८ मार्च

खाणकामगारांच्या जुन्या हॉलमध्ये सभा. माणसं जिन्यावर उभी. माइक घेतला नाही. शेवटच्या रांगेत लाइनीवरच्या बाया बसल्या होत्या. एकीनं नंतर सांगितलं, नेस्टा, एक शब्द सुटला नाही.

त्याच हॉलच्या पलीकडच्या चॅपलमध्ये दोन वर्षांपूर्वी पाद्र्यानं माझी वाक्यं म्हटली होती.

घरी येऊन चढत्या जिन्यावरच बसले. इडवलनं बूट काढले.

१४ एप्रिल, मंगळवार

कंपनीचा माणूस भेटला. सभ्य. कॉफी स्वतः ओतून दिली. असली माणसं मला कळत नाहीत. शिव्या देणारा मालक परवडतो. म्हणाला, बाई, मला तुमच्याविरुद्ध काही म्हणायचं नाही. पण पाण्यानंही माणसं एवढी चालू लागत असतील, तर लोकांच्या डोक्याला भोकं पाडा असं मी कुठल्या तोंडानं सांगू?

मी उत्तर दिलं. चांगलं दिलं. पण त्याचा प्रश्न गाडीत माझ्याबरोबर बसून घरी आला.

५ मे

एमलिननं विचारून घेतलं. पाणी.

मी डोंगरावर गेले त्याच्याकडं. त्याच्या बायकोनं रस्सा वाढला आणि स्वतः बाहेर निघून गेली. तो म्हणाला, “मिठाचं पाणी, सेक्रेटरीबाई. अशक्त कोकराला पाजतो तसलं.” हसला. मग सांगितलं की ते कळलं त्याला आठवडा झाला. शिटी तीन दिवस टिकली. चौथ्या दिवशी ओठ सैल.

मिसेस प्यूंना पाणी. स्टर्जेसलाही पाणी.

मी म्हटलं, तुझी शिटी मी कानानं ऐकलीय. खोटी नव्हती. तो म्हणाला, खोटी कोण म्हणतंय? कुत्री वळलीच होती की. पण ती परत कुठून आणायची, ते सांगा.

सप्टेंबरच्या बाजारात मेंढ्या विकणार आहे. तोवर खरं औषध आलं तर नाही विकणार. असं म्हणाला आणि माझ्याकडं बघितलं. अजून तो माझ्याकडंच बघतो.

१९ मे

हॉब्लेंकडं गेले. एकटी. विचारलं, पाण्यावर माणसं चालली कशी? मला बायबल सांगू नका, मेंदूतलं सांगा.

त्यांनी सांगितलं. कंपवाताच्या मेंदूतही काही पेशी उरलेल्या असतात. आपण बरे होणार असं माणसाला मनापासून वाटलं की त्या पेशी जास्तीचं डोपामिन, म्हणजे हालचालीला लागणारं रसायन, सोडतात. सोंग नसतं ते, ढोंग नसतं. खरंच पाय सुटतात, खरंच ओठ आवळतात. पण पेशी त्यानं तगत नाहीत. आहे तेच खर्च होतं. म्हणून प्रत्येक चाचणीत पाणीवाले थोडे सुधारतातच, तेवढं धरलेलं असतं. यावेळी धरल्यापेक्षा फार जास्त सुधारले.

का, म्हटलं.

ते उठून खिडकीशी गेले. चांगला माणूस आहे. या औषधात त्याचं अर्धं आयुष्य गेलंय. म्हणाले, आम्ही आकडे सगळ्या बाजूंनी मांडून पाहिले. वयानं, गावानं, आजाराच्या वर्षांनी. कशानं काही दिसेना. मग कुणीतरी वारानं मांडले.

“सोमवारचे पाणीवाले जसे असायला हवेत तसेच आहेत. गुरुवारचेही. सुधारले ते मंगळवारचे, मिसेस ट्रेहार्न. फक्त मंगळवारचे.”

मी खुर्ची पुढं ओढली.

म्हटलं, मग मंगळवार काढून टाका. म्हणाले, मंगळवार काढला तर औषध जिंकतं. पण तो काढता येत नाही. निकाल लागल्यावर नको ती माणसं वगळून आकडे जुळवले, तर जगातलं कुणी त्याला चाचणी म्हणणार नाही, आणि मीही म्हणणार नाही.

मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. भांडले असते.

२० मे

“बोलायचं नाही” हा नियम मालकाचा नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा असा नियम भेटला जो आमच्या बाजूचा होता. आणि मी तो मोडला. टाळ्या घेत मोडला.

२१ मे

काही नाही.

२४ मे

इडवल म्हणतो, तू त्यांना आनंद दिलास. त्याला काय सांगू? आनंद नको होता त्यांना. औषध हवं होतं.

तो भांडी घासत राहिला. बराच वेळ. एकच ताट.

२८ मे

पुढच्या सभेसाठी मुद्दे लिहायला बसले. पहिलंच वाक्य सुचेना. लोकांना काय सांगू? की कंपनी चुकली? कंपनी चुकलेली नाही. औषध खोटं? औषध खोटं नाही. मग उरलं कोण.

सभा रद्द केली. आयुष्यातली पहिली.

१ जून

एमलिनला सगळं सांगितलं. त्याच्याच अंगणात, उभ्या उभ्या. बसले असते तर सांगता आलं नसतं. मंगळवारचं, वाराचं, माझं.

त्यानं ऐकून घेतलं. कुत्रं त्याच्या पायाशी, त्याच्या तोंडाकडं बघत. तो म्हणाला, “म्हणजे माझा तो उन्हाळा तुमचा होता.” त्यात राग होता की आभार, मला कळलं नाही. त्यालाही कळलं असेल असं वाटत नाही.

मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, आणि तुम्ही तरी कुठं औषध पीत होता, सेक्रेटरीबाई? आमची तोंडं बघून तुमचा आवाज आला, तुमचा आवाज ऐकून आमचे पाय आले. सगळे पाण्यावरच. कुणाचं कुणाकडं काही निघत नाही.

ते पटलं. घरी येईपर्यंत पूर्ण पटलं. मला कुणी पुन्हा ऐकत होतं, म्हणून आवाज फुटला. त्याला प्रथिन कशाला लागतं? सगळे सारखेच तहानलेले, सारखेच फसलेले. या विचारानं आज पहिल्यांदा जेवण घशाखाली उतरलं.

६ जून

तरी शपथ मोडावी म्हणते. शेवटच्या पाणीवाल्याला औषध मिळणारच नाही, मग शपथेत उरलं काय. शिवाय एमलिनला सांगायचंय, बघ, मीही तुमच्यातलीच.

९ जून, मंगळवार

लोवरीला विचारलं. तिनं खुर्ची ओढली, समोर बसली, माझा हात धरला.

“मावशी, तुम्हाला औषध होतं. पहिल्या दिवसापासून. तुमच्या चौघांत एकट्या तुम्हालाच.”

म्हणजे ते लागू पडतं. त्यानं मला आवाज दिला. आणि त्याच आवाजानं मी पाणीवाल्यांना चालवलं आणि औषधाला हरवलं.